सरांचा पगार बँक देत असे

१९८८ च्या जून महिन्यात, मी सातवीत असताना, मुंबईत नायगावच्या मैदानावर फुटबॉल शिकवणाऱ्या सरांनी मला सर्वांत आधी पायाचे माप विचारले. नाव त्यांनी नंतर विचारले. त्यांच्या हातात बँकेचे एक जुने लेजर असे. त्यातल्या उरलेल्या कोऱ्या पानांवर, जिथे एरवी नावे आणि जमा लिहायचे तिथे, मुलाचे नाव, शाळा, जन्मतारीख आणि बुटाचे माप अशा नोंदी सरांच्या टपोऱ्या अक्षरात केलेल्या असत. थोरल्या मुलांना बूट लहान झाले की ते सरांकडे जमा होत आणि लेजर पाहून पुढच्या पायांत जात. माझ्या वाट्याला आलेली जोडी माझ्याआधी तिघांनी वापरलेली होती आणि तिच्या उजव्या बुटाचे दोन स्टड झिजून सपाट झाले होते. त्यामुळे वळताना मी हमखास एकाच बाजूला घसरत असे. ती खोड अजूनही जिन्यावरून उतरताना कधीकधी जाणवते, असे म्हटले तर घरचे हसतात.

सर एका बँकेत नोकरीला होते. सत्तरच्या दशकात त्या बँकेच्या संघात ते स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळले होते आणि रोव्हर्स कप या मुंबईतल्या जुन्या फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यांसाठी कूपरेजच्या मैदानावर उतरले होते. आम्ही त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांचे खेळणे थांबून काही वर्षे झाली होती. गुडघा बोलायला लागला होता. सकाळी सहा ते पावणेआठ ते आम्हाला शिकवीत, मग चाळीत जाऊन अंघोळ करून दादरहून गाडी पकडीत आणि फोर्टातल्या शाखेत दहाच्या ठोक्याला खुर्चीवर बसत. आम्ही त्यांना एक पैसाही देत नव्हतो. चेंडूंसाठी परिसरातले गणेशोत्सव मंडळ वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढी, एवढाच काय तो बाहेरचा हातभार होता.

हा माणूस आपल्याला फुकट कसा काय शिकवतो, हा प्रश्न त्या वयात पडत नाही. तो मला पडला तो तीस-पस्तीस वर्षांनी, माझ्या मुलीच्या फुटबॉलच्या वर्गाची पावती हातात घेऊन उभा असताना.

मुंबईच्या फुटबॉलचा गेल्या शतकातला इतिहास हा बऱ्याच अंशी पगारपत्रकांचा इतिहास आहे. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के, महिंद्रा, एअर इंडिया, मध्य रेल्वे, आरसीएफ, युनियन बँक ही नुसती संघांची नावे नव्हती. ती नोकरी देणाऱ्यांची नावे होती. चांगला खेळणारा मुलगा खेळाडू कोट्यातून कामाला लागे, हंगामात त्याला सरावासाठी अर्ध्या दिवसाची सवलत मिळे आणि पाय थकले की तो त्याच आस्थापनेत कारकून, तिकीट तपासनीस किंवा स्टोअरकीपर म्हणून निवृत्तीपर्यंत राही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणारे नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेले. त्यांच्या नावाचे मैदान आज वांद्र्याला आहे. त्याच ऑलिंपिक संघातले गोलरक्षक एस. एस. नारायण माटुंग्यात वाढलेले. आमच्या सरांनी लहानपणी या लोकांना कूपरेजच्या कुंपणाबाहेरून पाहिले होते आणि पुढे त्याच मैदानावर आत जाऊन ते खेळले, याचा त्यांना अभिमान होता. त्याहून मोठा अभिमान मात्र त्यांना आपण बँकेत कायम झाल्याचा होता आणि तो ते लपवीत नसत.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की शहरातल्या बहुतेक मैदानांच्या आसपास निवृत्त खेळाडूंची एक पिढी वसलेली होती, जिच्या पोटापाण्याची सोय झालेली होती आणि जिच्याकडे सकाळचे दोन तास मोकळे होते. परळ, माझगाव, नागपाडा, माटुंगा, वांद्रे, कुलाबा, प्रत्येक भागात असा एखादा सर, एखादा काका, एखादा अंकल असे. कोणी त्यांना नेमले नव्हते आणि परवाना वगैरे प्रकार तर कोणी ऐकलाही नव्हता.

सर शिकवीत काय, हे सांगायचे तर मला त्यांच्या एका शब्दापासून सुरुवात करावी लागेल. तो शब्द होता ‘मान’. पास आपल्याकडे येत असताना, चेंडू पायाशी पोचण्याच्या आधी, दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागे पाहून घ्यायचे, हा त्यांचा पहिला आणि जवळजवळ अखेरचा धडा होता. कोणी तो विसरला की मैदानाच्या कडेहून ‘मान!’ अशी आरोळी येई आणि अकराच्या अकरा मुलांच्या माना एकदम वळत, ज्यांचा चेंडूशी काही संबंध नाही त्यांच्यासुद्धा. बाजूला क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी यावरून आमची बरीच टर उडवली. पुढे वयाच्या चाळिशीत दूरचित्रवाणीवर युरोपातले सामने पाहताना मधल्या फळीतले नामांकित खेळाडू चेंडू येण्याआधी सतत मागे वळून पाहतात हे माझ्या लक्षात आले. आता प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात याला ‘स्कॅनिंग’ असे नाव आहे. सरांना ते नाव ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की एका सामन्यात न बघता पास घ्यायला गेल्यावर मागून आलेल्या फॉरवर्डने त्यांचा गुडघा कायमचा हलवला होता.

पावसाळा हा आमचा खरा हंगाम. कांगा लीगचा अपवाद सोडला तर पावसात क्रिकेट थंडावते आणि मैदान आपोआप फुटबॉलच्या ताब्यात येते. चिखलात चेंडू थांबतो, उसळत नाही, म्हणून सर त्या दिवसांत दोनच गोष्टी करून घेत: चेंडू अंगाने झाकून धरणे आणि हेडिंग. भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू ते हाताने उंच फेकीत आणि आम्ही रांगेने तो डोक्यावर घेत असू. वीस-वीस वेळा. डोके दुखले तर ‘डोळे मिटले असशील’ एवढेच उत्तर मिळे. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

सर कठोर होते, आणि सगळे काही बरोबर करीत होते असेही नाही. उंच मुलांकडे त्यांचा ओढा होता. आमच्यातला एक बुटका, अतिशय चपळ मुलगा त्यांनी दोन वर्षे राखीव ठेवला आणि तो शेवटी कंटाळून कबड्डीकडे गेला; ते त्यांचे चुकलेच. बारा वर्षांच्या मुलांना ते मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू देत. त्या वयाला चार नंबरचा चेंडू योग्य, तो घेराने लहान आणि वजनाने हलका असतो, हे आज कोणताही प्रशिक्षक सांगेल. तेव्हा मंडळाच्या पैशांत जो चेंडू येई तोच सगळ्यांचा.

पण एक गोष्ट सरांना जमत असे, आणि तिच्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो आहे. ते खरे सांगत.

मी दहावीत असताना एका सकाळी सरांनी मला बाजूला बोलावले. जिल्हा संघाच्या निवड चाचणीला कोण कोण जाणार याची यादी त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, “हे बघ, तुझी समज चांगली आहे, पण वेग नाही आणि तो आता येणार नाही. क्लबात खेळ, मजेत खेळ. पण बारावीचा अभ्यास सोडून याच्यामागे लागू नकोस.” मी महिनाभर मैदानाकडे फिरकलो नाही. वडिलांना मात्र हायसे वाटले असावे, कारण त्या रविवारी त्यांनी सरांना घरी जेवायला बोलावले. मी स्वयंपाकघरात बसून राहिलो आणि सर जाताना ओट्यापाशी येऊन म्हणाले, “सोमवारी ये. लहान पोरांना पास द्यायला कोणी नाही.” मी गेलो. पुढची दोन वर्षे मी लहान मुलांना पास देत होतो, आणि बारावीही पार पडली.

त्याच वर्षी सरांनी ज्याला चाचणीला पाठवले तो मुलगा पोलिसांत लागला. त्याच्या आधीचे दोघे रेल्वेत. कोणाचे अर्ज कधी भरायचे, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचे, कोणत्या स्पर्धेच्या प्रमाणपत्राला नोकरीसाठी किंमत आहे आणि कोणते नुसते भिंतीला लावायचे, ही सगळी माहिती सरांकडे असे. गुणपत्रिका आधी सरांना दाखवायची आणि मग घरी, असा आमच्यातल्या काहींचा रिवाज होता, कारण घरी समजूत घालायला सर येत.

आता दुसऱ्या माणसाविषयी. याला आम्ही दादा म्हणतो, जरी तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असला तरी. माझ्या मुलीच्या वर्गातली सगळीच मुले दादा म्हणतात म्हणून आम्ही पालकही म्हणू लागलो. दादा सरांच्याच हाताखालचा. ज्यांना मी पास देत असे त्या लहान पोरांपैकी तो एक. तो खूप पुढे गेला, आमच्या मैदानावरून इतका पुढे दुसरे कोणी गेले नाही: तो व्यावसायिक खेळाडू झाला, देशाच्या अव्वल लीगमध्ये खेळला. परंतु तो मोठा होईपर्यंत काळ बदलला होता. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालाच नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे वळण्याचे जाहीर केले. २०१३ मध्ये क्लब परवान्याचे निकष पूर्ण न झाल्यामुळे एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल स्पर्धेबाहेर गेले. त्या निकषांमागचा विचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. क्लबाला स्वतंत्र अस्तित्व असावे, कनिष्ठ गटाचे संघ असावेत, हिशेब तपासलेले असावेत, या अपेक्षा रास्तच आहेत. त्यातून आपल्याकडे खेळ अधिक चांगला झाला, मैदाने सुधारली. त्याबरोबर नोकरी गेली, एवढेच. दादाला नोकरीच्या नेमणूकपत्राऐवजी करार मिळाला, तोही एकेका हंगामाचा. तिसऱ्या क्लबात पगार चार महिने थकला, त्यानंतर तो क्लबच उरला नाही. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, दुखऱ्या घोट्यासह, दादा नायगावात परत आला तेव्हा त्याच्याजवळ दोन पदके होती आणि भविष्य निर्वाह निधी नावाची कोणतीही गोष्ट नव्हती.

मग त्याने प्रशिक्षणाचे परवाने काढले, आधी डी आणि मग सी. अभ्यासक्रमाची फी त्याने पदरचे पैसे मोडून भरली. आज तो लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या टर्फवर शिकवतो. ज्या गिरण्यांच्या मालकांनी एके काळी संघ पोसले त्यांच्या जमिनीवर आता तासाच्या भाड्याने खेळावे लागते, हे मनात आल्यावाचून राहत नाही. संध्याकाळचे भाडे तासाला दीड-दोन हजारांच्या घरात आहे आणि तो खर्च अर्थातच मुलांच्या फीमधून निघतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गोली म्हणून खेळते. तिच्या वर्गासाठी मी महिन्याला अडीच हजार रुपये देतो. मला ते परवडतात, पण ज्या चाळीत दादा वाढला तिथल्या किती घरांना परवडतील हे मला सांगता येत नाही असे नाही. मला ते चांगले सांगता येते.

शिकवण्याच्या कसबात दादा सरांच्या कितीतरी पुढे आहे, हे आधी मान्य करतो. तो लहान गटांत खेळवतो, वयानुसार चेंडू बदलतो, कोणालाही रांगेत उभे ठेवत नाही. हेडिंग तर तो बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतच नाही. ग्लासगोतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. त्यानंतर २०२० मध्ये इंग्लंडच्या संघटनेने प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकण्याची सूचना केली. दादाने हे सरांना सांगितले तेव्हा मी तिथे होतो. सर आता सत्तरीच्या शेवटाला आले आहेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “मग कॉर्नरला काय करायचं?” दादा म्हणाला, “लहानपणी कॉर्नर छोटा घ्यायचा, सर.” त्यावर सरांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून, जणू हिशेबातली चूक सापडावी तसे, म्हणाले, “तुमच्याकडून मी किती घेतले रे? वीस?” मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

पण गेल्या उन्हाळ्यात वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी दादाला विचारले की आमचा मुलगा नामवंत अकादमीच्या चाचणीत टिकेल का. मुलगा कष्टाळू होता, पण त्या पातळीचा नव्हता. बाकावर बसलेल्या आम्हा पालकांनाही ते दिसत होते. दादा म्हणाला, “प्रयत्न करायला हरकत नाही, थोडे खासगी सेशन्स घेऊ.” परतताना गाडीत मी त्याला याविषयी छेडले. तो चिडला नाही. म्हणाला, “तुम्हाला सरांनी सांगितलं तेव्हा सरांचा पगार बँक देत होती. माझा पगार हे वडील देतात. मी खरं सांगितलं की ते मुलाला काढतात, आणि त्याच्याबरोबर अजून दोघांना.” त्यानंतर दादर येईपर्यंत आम्ही दोघे गप्प होतो.

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. माजी खेळाडूंनी मुलांना घडवावे, असे आपण मोठ्या उत्साहाने म्हणतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले, त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळण्याचा उपक्रम झाला, शाळाशाळांत चेंडू पोचले. चेंडू पोचवणे तुलनेने सोपे आहे. त्या चेंडूमागे रोज सकाळी उभा राहणारा, खेळ आतून पाहिलेला माणूस कोण आणि त्याचे घर कशावर चालते, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारलेला मला आठवत नाही. खालिद जमील यांच्यासारखा एखादा माजी खेळाडू मुंबई एफसीपासून सुरुवात करतो, २०१६-१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून देतो आणि २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक होतो, तेव्हा सर्वांनाच आनंद होतो. तो मार्ग मात्र वरच्या मजल्याचा आहे. दादासारखे बहुतेक जण तळमजल्यावर शिकवतात आणि तळमजल्याला कोणी पगार देत नाही.

यावर एक अर्धामुर्धा उपाय आम्ही सध्या करून पाहत आहोत. फिफाच्या नियमांनुसार करार शिल्लक असलेला खेळाडू मोबदला घेऊन दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के, वयाच्या १२ ते २३ वर्षांत तो ज्या ज्या क्लबांत घडला त्यांना वाटले जातात. नायगावच्या मैदानाला असा पैसा कधी मिळेल असे स्वप्न आम्ही पाहत नाही. मुद्दा वेगळा आहे: असल्या कोणत्याही नोंदीत ‘सर’ बसत नाहीत, क्लब बसतो. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधीही माणसाला मिळत नाही, नोंदणीकृत संस्थेला मिळतो. तेव्हा संस्था काढायची, दादाला तिच्यातून ठरावीक मानधन द्यायचे आणि आठवड्यातून तीन सकाळी नायगावात विनाशुल्क वर्ग चालवायचा, असे ठरले. दादाची अट एकच आहे: त्या तीन सकाळी तो कोणाच्याही वडिलांना काहीही सांगायला मोकळा असेल.

मी हिशेब तपासनीस असल्यामुळे कागदपत्रे माझ्याकडे आली. संस्थेसाठी किमान सात सभासद लागतात. तीन जुने खेळाडू, दोन पालक, दादा आणि सर असे सात जमले. घटनेचा मसुदा दोनदा बदलावा लागला, कारण ‘उद्दिष्टे’ या सदराखाली दादाने पहिल्यांदा दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि दुसऱ्यांदा पाच पाने. गेल्या गुरुवारी वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाण्याआधी आम्ही सह्यांसाठी सरांच्या घरी जमलो. सरांनी चष्मा लावून प्रत्येक पान वाचले, एका ठिकाणी बेरीज पुन्हा करायला लावली आणि ती खरोखरच चुकलेली निघाली. मग अध्यक्ष म्हणून त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि खात्री करून घेण्यासाठी बँकेतल्या सवयीने प्रत्येक खाडाखोडीशेजारी आद्याक्षरे केली. शेवटी कपाटातून ते जुने लेजर काढून त्यांनी दादाच्या हातात दिले. त्यात अजून अकरा पाने कोरी आहेत.